सहावा माणूस

परवा रात्री एका अनोळखी बाईंचा फोन आला. मुलगा बारावीला आहे, बाहेर निसर्गात फोटो काढायचेत, मंडळातून नंबर मिळाला. मी आनंदाने वही पुढे ओढली. "तुम्ही त्या आजोबांच्या असिस्टंट ना?" बाई म्हणाल्या. "मग आधी त्यांची वेळ घेऊन ठेवाल का?"

त्या आजोबांची असिस्टंट! कॅमेरा माझा, लेन्स माझी, विमा माझ्या नावावर, कंबरदुखीही माझीच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत बारावीच्या मुलांना सीनियर म्हणतात आणि शाळा सुटण्याआधी त्यांचे खास फोटो काढायची इथे रीत आहे. इयरबुकातला, म्हणजे शाळेच्या वार्षिक अंकातला, फोटो बहुतेक शाळांत शाळेने नेमलेला स्टुडिओच काढतो. मुलींच्या खांद्यांवर काळं कापड, मुलांना टक्सीडो, मागे एकरंगी पडदा, चला पुढचा. त्यात कोणाचीच हौस भागत नाही. मग उन्हाळ्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत आईबाप मुलांना घेऊन बागा, शेतं, नद्यांचे काठ पालथे घालतात. काही जण रेल्वेच्या रुळांवरही जातात. कृपा करून जाऊ नका. ती रेल्वेची हद्द आहे, आणि गाडी काही पोज बदलेपर्यंत थांबत नाही. हे फोटो पुढे ग्रॅज्युएशन पार्टीच्या आमंत्रणावर, दिवाणखान्याच्या भिंतीवर आणि भारतातल्या यच्चयावत व्हॉट्सॲप ग्रुपांवर जातात.

न्यू जर्सीत मराठी मुलांना तोटा नाही आणि दरवर्षी त्यांतली एक नवी तुकडी बारावीला पोचते. हा हिशोब मला फार पटला. 85 मिलिमीटरची लेन्स घेतली, पाच रंगांत उलटसुलट होणारा रिफ्लेक्टर घेतला. मग कळलं की फोटो काढणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. बऱ्याच काउंटींच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, बागांत पैसे घेऊन फोटो काढायचे तर परवाना काढा, परवान्यासाठी विम्याचा कागद आणा, आणि विमा म्हणजे बऱ्याच ठिकाणी दहा लाख डॉलरचा. मी झाडाला टेकवून एक पोरगी उभी करणार. त्यात दहा लाखांचं नुकसान कशाचं होणार आहे, झाडाचं?

केंद्र सरकार त्या मानाने शहाणं निघालं. जानेवारी 2025 मध्ये कायदा बदलला आणि राष्ट्रीय उद्यानांत सहापेक्षा कमी माणसं असतील, बाकी कोणाला त्रास नसेल, तर फोटोला ना परवाना ना फी. म्हणून मी मॉरिसटाउनजवळचं जॉकी हॉलो ठरवलं, तेही राष्ट्रीय उद्यानांतच मोडतं. 1779-80 च्या भयंकर हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य तिथे मुक्कामाला होतं. आता जंगल आहे, सैनिकांच्या लाकडी झोपड्या पुन्हा उभारल्यात, एक जुनं शेतघर आहे. ऑक्टोबरअखेरीला पानं रंगलेली, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुलगी, आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी. पाच. नियमात चोख.

गाडीचं दार सरकलं आणि आतून आजोबा उतरले.

आजोबा मिरजेचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांनी आधी पार्किंगमधला माहितीफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं, पोरगी पास झाली व्हय?"

"नाही आजोबा, ग्रॅज्युएशन जूनमध्ये आहे."

"म्हणजे परीक्षा झाली, निकाल राहिलाय."

"परीक्षाही व्हायचीय."

"मग कॉलेज तरी मिळालं असंल."

"पहिला अर्जच 1 नोव्हेंबरपर्यंत भरायचाय," मुलीची आई म्हणाली. बोलली आजोबांशी, बघत होती मुलीकडे. "आणि निबंध अजून लिहून झालेला नाही." मुलीचा चेहरा जो पडला तो वर आणायला मला पुढची वीस मिनिटं लागली. सूर्य काही त्यासाठी थांबणार नव्हता.

आजोबांचं गणित मात्र चालूच. "परीक्षा न्हाई, निकाल न्हाई, कॉलेज न्हाई, आणि फोटो काढायचा. आमच्याकडं धरणाला पाणी अडायच्या आधी मंत्री उद्घाटन करून जायचे, तसलं झालं की हे. बरं, समजा नापास झाली, तर पैसे परत देता?"

"बाबा!" आई.

"तिला म्हणत न्हाई मी. पद्धत विचारतोय."

मग त्यांनी पद्धत सांगितली. त्यांच्या वेळी पदवी हातात पडली की माणूस स्टुडिओत जायचा. काळा गाउन स्टुडिओचाच, टोपी स्टुडिओची, हातातली गुंडाळी म्हणजे नुसता कोरा कागद. आरशाशेजारी खिळ्याला कंगवा आणि टाय, खाली पावडरचा डबा. मागच्या पडद्यावर कारंजं आणि बाग रंगवलेली. "आम्ही बाग आत आणत होतो," आजोबा म्हणाले, "तुम्ही स्टुडिओ बाहेर आणलाय. खर्च कोणाचा जास्त?" मी हसले, कारण पैसे अजून यायचे होते.

तोवर मुलीच्या बाबांनी डिकी उघडली होती. ठरलं होतं दोन कपडे. निघाले चार: भरतनाट्यमचा पूर्ण साज, टेनिसचा पोशाख, रोबोटिक्सचा टीशर्ट आणि एक पांढरा ड्रेस, जो मुलीने स्वतः निवडलेला एकमेव. शिवाय व्हायोलिन. सोनेरी उजेड मिळतो तासभर, त्यात गाडीत बसून कंबरपट्टा बांधायला अर्धा तास. मुलांचे फोटो कोणासाठी काढतात, हे कोणीतरी एकदा ठरवायला हवं.

आजोबांना कामाला लावावं म्हणून त्यांच्या हातात रिफ्लेक्टर दिला. सूर्य मुलीच्या पाठीशी ठेवायचा, म्हणजे केसांना कड येते आणि डोळे मिचमिचत नाहीत. समोरून चेहरा काळवंडतो, तिथे ह्याने उजेड परतवायचा. इतकंच काम.

"ही थाळी? आण इकडं." त्यांनी ती सोनेरी बाजू करून धरली आणि त्या क्षणापासून साइट त्यांच्या ताब्यात गेली. "सूर्य तिकडं सरकला, तुम्ही अजून इथंच? सगळे चार पावलं डावीकडं!" सगळे सरकले. मीही. "गवतात उभं करू नको तिला, हनुवटीखाली हिरवं दिसतंय." ते दिसत होतंच, मी सांगणारच होते. समोरून कुत्रं घेऊन एक जोडपं येत होतं, त्यांना आजोबांनी तळहात दाखवून थांबवलं. ते बिचारे थांबलेही, आणि कुत्रं बसलं.

"पोरी, हनुवटी खाली. खांदा तिरका. श्वास धर. आता अजिबात हलायचं न्हाई. एक... दोन..."

"आजोबा, शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागात पडतं. श्वास घेऊ दे तिला."

"तीन... हलली! परत."

मी म्हणते मोकळी हो, ते म्हणतात हलू नको. मी म्हणते हस, ते म्हणतात दात झाक. शेवटी पोरगी फुटली. कमरेत वाकून, केस तोंडावर, निबंध विसरून खदाखदा हसली, आणि मी धडाधड दाबत सुटले. तोच फोटो. आजोबांमुळे नव्हे, आजोबांना हसताना आलेला. हा फरक मी सगळ्यांना समजावून सांगत असते आणि कोणालाही तो महत्त्वाचा वाटत नाही.

निघताना त्यांनी रिफ्लेक्टर एका पिळात मिटवून पिशवीत घातला. त्याच्या कडेची ती तार माझ्याशी अजून कुस्ती खेळते. दर वेळी उसळून माझ्याच नाकावर बसते.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात हा फोटो मोठ्या पडद्यावर झळकला. प्रूफ गॅलरीचा, म्हणजे पसंतीसाठी पाठवलेल्या फोटोंचा, स्क्रीनशॉट होता. माझं नाव असलेला कोपरा सफाईने कापलेला, मधोमध वॉटरमार्कची दोन अक्षरं तेवढी मुलीच्या कानाशी उरली होती. निवेदिका म्हणाली, "आणि ह्यातला सुंदर प्रकाश आहे खुद्द आजोबांचा!" टाळ्या. आजोबा उठले, चारी दिशांना नमस्कार केला. मी पुरीभाजीच्या रांगेत होते.

आता खरं बोलते. तासभराच्या फोटोंमागे दोन रात्री बसून निवड, रंग, डोळ्यांखालची वर्तुळं आणि दातांच्या तारेवरची चमक काढणं असतं. याला आपले लोक "बटण दाबणं" म्हणतात. हेच लोक केक करणाऱ्या बाईला, डीजेला, फुगेवाल्याला विचारलेले पैसे मुकाट देतात. मला मात्र, "आपल्यातलीच आहेस ना गं." आपल्यातली आहे म्हणून हप्ता माफ होत नाही लेन्सचा. वर, "एडिट केलेले नकोत, सगळेच दे, आम्ही निवडू." हलवायाकडे जाऊन कोणी म्हणतं का, पाक आणि बेसन वेगळं द्या, लाडू आम्ही वळतो?

ठरले होते 250 डॉलर. काल 210 आले. सोबत निरोप: "बाबांनी थाळी धरली त्याचे 40 कमी केलेत, चालेल ना? आणि त्यांचं परतीचं तिकीट मार्चमधलं आहे, तोवर कोणाला हवे असतील तर कळव."

मी लिहिलं, चालणार नाही. दोन निळ्या टिका आल्या, मग हात जोडलेला एक इमोजी. चाळीस आलेले नाहीत. नवीन बाईंना मी रविवारची वेळ दिली आहे, आणि आजोबांनी मला विचारलंय की त्यांना न्यायला मी किती वाजता येते.