‘तीन हेलपाटे, काम शून्य’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई, मी दुकानाचा मालक. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की बाबांच्या पीएफसाठी किसन नगरला आमच्या दुकानात तीन हेलपाटे मारले, ५० रुपये आधीच घेतले, बाबांनी फोनवर ओटीपी सांगितला तरी काउंटरवरच्या पोराने टाकला नाही आणि वर उद्धट बोलला. समोरच्या दुकानात म्हणे स्वतःचा नंबर टाकून दहा मिनिटांत करून देतात.

पहिल्या दोन हेलपाट्यांचं खापर आमच्या डोक्यावर फोडा, मान्य आहे. पीएफच्या क्लेमला शेवटी जो ओटीपी लागतो तो आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तो नंबर कुठला, हे आधारच्या साइटवर आधीच बघता येतं, शेवटचे तीन आकडे दिसतात. अर्ध्या मिनिटाचं काम. पोराने ते न बघताच पैसे घेतले आणि ओटीपी पाठवत बसला. तुम्ही आणि बाबा फोनकडे टक लावून बसलेले. मी जेवून आलो, ते तीन आकडे काढून दाखवले, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘हा तर वागळेतल्या कंपनीत होतो तेव्हाचा, कधीच बंद झाला.’’

मग आधार केंद्रावर बाबांना स्वतः न्या, अंगठा द्यावा लागेल, ७५ रुपये लागतील, कागदपत्र काही नको, एवढं सांगितलं. पण पावती हातात आली म्हणजे नंबर लगेच जोडला जात नाही, त्याला काही दिवस लागतात, हे सांगायचं राहिलं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी पावती घेऊन आलात. आता काउंटरवर कागद चिकटवलाय: आधी तीन आकडे बघा, मग पैसे घ्या.

तिसऱ्या वेळेचं मात्र ऐकून घ्या. तुम्ही एकट्या आलात, बाबांना फोन लावून स्पीकरवर टाकला, आणि सहा-सात गिऱ्हाइकं उभी असताना बाबा मोठ्याने आकडे वाचायला लागले. पोराने ‘‘बंद करा ते’’ म्हटलं ते तोडून म्हटलं, त्याबद्दल माफ करा. पण त्याने ओटीपी टाकला नाही ते माझ्या सांगण्यावरून. त्या मेसेजमध्ये आकड्यांबरोबर ओटीपी कशासाठी आहे तेही लिहिलेलं असतं. बाबांनी ते वाचलंच नाही, मुलगी म्हणाली म्हणून आकडे सांगितले. आपल्याकडे कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन लोकांच्या जमिनी गेल्या, त्यातलाच हा प्रकार. आज फोनवर तुम्ही होतात. फोनवर मागितलं की आकडे सांगायचे, ही सवय लागलेल्या माणसाला उद्या ‘पीएफ ऑफिसातून बोलतोय’ म्हणणाराही भेटतो. आणि हे पैसे त्यांच्या अख्ख्या नोकरीचे आहेत.

आता दुकानाचा नंबर टाकण्याबद्दल. समोरच्यांबद्दल मी बोलणार नाही, कारण हा उद्योग मीही केलाय. २०१७ला पॅन-आधार जोडायची झुंबड होती. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांच्या इन्कम टॅक्सच्या खात्याला मी बिनधास्त दुकानाचा नंबर लावला. लोक खूश, मीही खूश. तो किपॅडचा फोन अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. त्यावर एक कॉल मी करत नाही, तरी रिचार्ज मारत असतो. कारण नंबर बंद पडला तर ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्या कुणालाही देऊ शकते, आणि माझ्या गिऱ्हाइकांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाणार. एकेकाला बोलावून नंबर बदलून दिले. दोघं गावी गेले ते सापडत नाहीत. रात्री कधी तो फोन वाजला की बायको विचारते, ‘‘आज कुणाचा?’’

बाबांच्या खात्याला दुकानाचा नंबर लावला असता आणि माझ्या पोराने लबाडी केली असती तर? किंवा मीच केली असती? तुमच्या बाबांना कळलंही नसतं, कारण सूचनेचा मेसेजसुद्धा माझ्याकडेच आला असता.

तेव्हा कुठल्याही दिवशी सातनंतर या, गर्दी कमी असते. नव्या नंबरचा फोन चार्ज करून आणा. बाबांना खुर्ची देतो. मेसेज त्यांनी वाचायचा, आकडे त्यांनीच टाकायचे, मी स्क्रीनकडे पाठ करून उभा राहतो. ओटीपी दहा मिनिटं चालतो, घाई नसते. तुमचे ५० रुपये पाकिटात घालून ठेवलेत, ते घेऊन जा, कामाचे पैसे नकोत. आणि बाबांचा चष्मा तेवढा आठवणीने आणा, मागच्या वेळी घरी राहिला होता.