जे आधी होईल ते

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याबद्दल एक वाक्य असतं : दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते. खान्देशात ते ‘जे नंतर होईल ते’ असं वाचलं जातं, आणि तेही ज्यांनी पुस्तिका उघडली त्यांच्याकडून. बाकीच्यांची ग्लोव्ह बॉक्समध्ये शोरूमच्या पिशवीसकट पडून असते. वर गाडीच्या पूजेचं हळदकुंकू, म्हणजे ती आता वाचायची नसून फक्त नमस्कार करायची वस्तू.

ऑइल बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो असा : “गाडी चाली राह्यनी ना भाऊ, मंग कशाले?” या प्रश्नापुढे भलेभले मेकॅनिक गप्प होतात. कारण गाडी खरंच चालत असते. ऑइल आपलं दुखणं बोलून दाखवत नाही. त्यातली मळ धुणारी आणि आम्ल मारणारी रसायनं हळूहळू संपतात, मळ तरंगत राहायचा तो बसायला लागतो, आणि इंजिन मात्र गोड आवाजात चालूच.

“वर्षात चारच हजार चालली, ऑइल नुसतं बसून कसं खराब होईल?” हा दुसरा प्रश्न. बसून नाही, थोडं थोडं चालून होतं. जळगावात घर ते फुले मार्केट आणि परत, एवढ्यात इंजिनचं ऑइल धड तापतही नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त घेतं; न जळालेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं, सोबत ज्वलनातली पाण्याची वाफ. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापून हे दोन्ही उडून जातं. मार्केटपर्यंतच्या प्रवासात मुक्कामाला राहतं. मग डिसेंबरात ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट पांढरा चिकट थर दिसतो आणि घरात सुतकी शांतता पसरते. थर फक्त झाकणाला असेल तर घाबरू नका, गाडी एकदा धुळ्यापर्यंत पळवून आणा. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे पातळी बघायच्या पट्टीवरचं ऑइलही दुधाळ असेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं सील) गेल्याची शंका घ्या आणि गाडी चालवत नव्हे, ओढून न्या.

पुस्तिकेत पुढे ‘कठीण वापर’ अशी एक यादी असते. धूळ, कडक ऊन, जागेवर उभं राहून चालणारं इंजिन, जास्तीचं ओझं, घाट. ही यादी करणारा माणूस बहुधा आमच्याकडे लग्नाला येऊन गेला असावा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शिरणारा रस्ता म्हणजे धूळ. मे महिन्यातलं ४५ अंश म्हणजे ऊन. मांडवाबाहेर एसी लावून तासभर उभी असलेली जावईबापूंची गाडी म्हणजे जागेवर चालणारं इंजिन. किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण ऑइलचं आयुष्य जातच असतं. आणि सात सीटांत दहा माणसं बसवून चैत्रात सप्तशृंगी गड चढला की ओझं आणि घाट एका फेरीत उरकतात. अशा वापराला बऱ्याच कंपन्या मुदत निम्म्यावर आणायला सांगतात. म्हणजे दहा हजार ही सवलत आपल्यासाठी नव्हतीच. पाच-सहा हजार धरून चाला. एअर फिल्टरही त्याच वेळी काढून बघा, कारण तिथून आत गेलेली बारीक माती ऑइलमध्ये मिसळते आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते.

ऑइलच्या ग्रेडच्या, म्हणजे ते किती जाड किती पातळ याच्या बाबतीत तर प्रत्येक पानटपरीवर एक तज्ज्ञ उभा आहे. त्याचं म्हणणं, आपल्याकडचं ऊन बघता ऑइल जाडच पाहिजे. ऐकायला पटतं. पण इंजिनचं पाणी थर्मोस्टॅट नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो, मग बाहेर भुसावळचा मे असो की तोरणमाळचा जानेवारी. ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड असताना ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांना ते किती घट्ट राहतं ते. चालत्या इंजिनच्या हिशेबानं सकाळचे तीस अंशही थंडच, आणि झीज जास्त होते ती गाडी चालू केल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत. ज्या इंजिनला ०डब्ल्यू-२० सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर ते बारीक वाटांतून उशिरा पोहोचतं आणि ॲव्हरेजही पडतं. उलट १५डब्ल्यू-४० वर वाढलेल्या जुन्या जीपला पातळ महागडं ऑइल पाजणं ही काही सेवा नव्हे.

आणि ट्रॅक्टरच्या ऑइलची उरलेली बादली. ती प्रत्येक खळ्यात असते आणि घरातल्या मोठ्यांचा तिच्यावर डोळा असतो. “डिझेलचंच आहे ना ते?” आहे. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी पकडणारा डीपीएफ असतो. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. जुन्या प्रकारच्या ऑइलची राख त्या फिल्टरात साचते आणि ती जळून जात नाही. बादलीतलं वाचलेलं ऑइल आणि डीपीएफची किंमत यांचा ताळेबंद नंतर त्याच मोठ्यांसमोर मांडायची हिंमत कुणाची होत नाही.

रंगाचं वेड वेगळंच. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा : “काळं पडलंय.” डिझेल इंजिनमधलं नवं ऑइल काहीशे किलोमीटरांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम, काळं होतंय म्हणजे नोकरी करतंय. बोटांनी कळण्यासारख्या गोष्टी दोनच : खडा लागतोय का, आणि पेट्रोलचा उग्र वास येतोय का. बाकी किलोमीटर आणि तारीख.

आता गॅरेज. ऑइल कोमट असताना काढायचं. थंड ऑइल घट्ट, आणि मळ चेंबरच्या तळाशीच राहतो. उकळतं मात्र नको, हात भाजतो. ड्रेन नट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं निथळू द्यावं लागतं. ही दहा मिनिटं मिळवणं हीच खरी तपश्चर्या, कारण मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि धार बारीक झाली की पोरगा नट लावायला धावतो. त्याला चहा पाजा. चहाला नेमकी तेवढीच वेळ लागते.

नट लावताना नवा वॉशर मागा; जुना एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. नट आधी हातानं फिरवायचा, मग पान्यानं. बऱ्याच छोट्या गाड्यांना ३०-४० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरतात. हवेच्या गननं आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात, आणि ते त्या दिवशी कळत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याच मेकॅनिकच्या हातात कळतं आणि आळ त्याच्यावर येतो.

ऑइल फिल्टर दर वेळी नवा. जुना फडक्यानं पुसून चकचकीत करणं ही आपल्याकडची लोककला आहे, म्हणून नव्यावर मार्करनं तारीख आणि किलोमीटर स्वतः लिहा. त्याच्या रबराला बोटानं नवं ऑइल चोळायचं, आणि रबर टेकल्यावर हातानं पाऊण फेरा, पुरे. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, हे आधी बघायचं. राहिलं आणि त्यावर दुसरं बसलं, तर पारोळ्याच्या अलीकडेच सगळं ऑइल रस्त्यावर.

सगळ्यात मोठा घोळ मापात. छोट्या पेट्रोल इंजिनला फिल्टरसह तीन-साडेतीन लिटर लागतं, आणि बाजारातला मोठा डबा अनेकदा त्याहून जास्त असतो. उरलेलं परत देण्यापेक्षा आपला मेकॅनिक ते इमानदारीनं गाडीतच ओततो. गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाच्या गाडीत. “काही नही व्हस भाऊ, जास्तीच हाय.” शेवभाजीवर तर्री जास्त आली तर आशीर्वाद, इंजिनात मात्र पातळी फार वाढली तर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, ऑइल घुसळून फेस करतो, फेसाला दाब धरत नाही, सील गळू लागतात, आणि ऑइल जळून निळा धूर येतो. म्हणून मापापेक्षा थोडं कमी ओतायचं, इंजिन मिनिटभर चालवायचं म्हणजे फिल्टर भरतो, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक पुसून बघायचं आणि मग थेंबाथेंबानं वर आणायचं. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेजवळ. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं. डॅशबोर्डवरचा लाल झारीचा दिवा पातळीचा नाही, दाबाचा असतो. चालत्या गाडीत तो पेटला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणायची सोय नाही. जागेवर इंजिन बंद.

डबा रिकामा झाला की त्याला स्वतः भोक पाडून या. सील, छपाई आणि झाकण शाबूत असलेला डबा बाजारात दुसरा जन्म घेतो आणि त्यात काय असतं ते विचारू नये.

जळकं ऑइल मागायला माणसं लगेच हजर. स्लॅबवाल्याला सेंटरिंगच्या पाट्यांना हवं, कुणाला बैलगाडीच्या आसाला, कुणाला दाराच्या चौकटीला वाळवीसाठी. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. निदान विहिरीजवळ किंवा नालीत ओतू देऊ नका.

घरी आल्यावर रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा. सकाळी मधोमध तपकिरी थेंब असेल तर ड्रेन नट, फिल्टरच्या रेषेत असेल तर रबर; दोन्हींसाठी त्याच गॅरेजला परत. पुढच्या डाव्या सीटखाली स्वच्छ, बिनवासाचा ओलावा असेल तर ते एसीचं पाणी. त्यासाठी मे महिन्यात गाडी घेऊन गॅरेजला धावू नका, तिथे आधीच याच कारणासाठी आलेले चौघं बाकावर बसलेले असतात.