फ्रीजवाल्या काकू आणि पाच रुपयांची कांडी

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांब होईल, वेळ असेल तर वाचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन मुली आहेत, एक पाचवीतली, एक सहावीतली. सुट्टी लागल्यापासून दोघींची काहीतरी खलबतं चालली होती. आज चार वाजता त्यांनी खाली लिफ्टसमोर प्लॅस्टिकचं स्टूल मांडलं. त्यावर थर्माकोलचा डबा आणि वहीच्या पानावर स्केचपेनने लिहिलेलं: कोकम कांडी ५ रु., कलिंगड कांडी ५ रु. सगळं घरी केलेलं, रात्री छोट्या पेल्यांत घालून फ्रीजरला लावलेलं. कांडीला दांडी म्हणून आईस्क्रीमच्या लाकडी काड्या, त्याही धुऊन वाळवलेल्या नाहीत हां, नवीन पाकीट आणलेलं. अर्ध्या तासात तेरा गेल्या. एक वॉचमनदादांना फुकट दिली. दोन मी घेतल्या.

कोकमाची कांडी तोंडात धरली आणि मी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून थेट लहानपणीच्या नौपाड्यात जाऊन पोचले.

ते नंतर सांगते. आधी पुढचं ऐका. कमिटीतले एक गृहस्थ खाली आले. "हे कोणाच्या परवानगीने चाललंय? कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण?" आवाज असा, की जणू मुलींनी दारूचा गुत्ता टाकलाय. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. तिने डब्याला झाकण लावलं आणि तशीच जिन्याने वर गेली, लिफ्टचीही वाट बघितली नाही. सातव्या मजल्यापर्यंत. डबा पोटाशी धरून. आणि संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, सोसायटीच्या आवारात खाद्यपदार्थ विकण्यास सक्त मनाई. त्याखाली सोळा अंगठे. सोळा! त्यातल्या निम्म्यांची मुलं दुपारी तीच कांडी चोखत सायकली फिरवत होती, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

आता नौपाडा.

१९८८ चा मे महिना. आमची दोन मजली चाळ होती, गोखले रोडपासून आत. आज तिथे टॉवर आहे, खाली चपलांचं मोठं दुकान. अख्ख्या चाळीत एकच फ्रीज, पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत. त्या काकूंचं आडनाव मोठ्यांना माहीत असेल, आम्हा पोरांना त्या फक्त फ्रीजवाल्या काकू. फ्रीज एका दाराचा, फिकट निळा, आणि फ्रीजर म्हणजे वरच्या कोपऱ्यातला इवलासा कप्पा. त्याला आत एवढा बर्फ धरायचा, की उलथन्याने खरवडावा लागायचा. तो खरवडलेला बर्फसुद्धा आम्ही हातावर घेऊन खायचो, त्याला ना चव ना काही, तरी भांडणं व्हायची.

तर त्या इवल्याशा कप्प्यात काकू आमची फुलपात्रं ठेवून द्यायच्या. चाळीतल्या चौदा पोरांची. एका वेळी सहाच मावायची, म्हणून पाळ्या. प्रत्येकाच्या फुलपात्राला ओळखीचा दोरा. माझा लाल लोकरीचा, आईच्या स्वेटरातला उरलेला.

फुलपात्रात काय असायचं? ज्याच्या घरी जे असेल ते. अमृत कोकम पाण्यात कालवून. उकडलेल्या कैरीचं पन्हं, गूळ आणि वेलची घातलेलं. कुणाकडे कलिंगड फोडलं असेल तर त्याचा गाळलेला रस. येऊरच्या बायका पाटीत जांभळं घेऊन खाली उतरायच्या, स्टेशनच्या वाटेवर बसायच्या, पानाच्या द्रोणात मापून द्यायच्या. ती मिळाली तर मीठ लावून, हाताने कुस्करून, चाळणीतून गर काढून. त्या दिवशी सगळ्यांच्या जिभा जांभळ्या. पण जांभळं मेच्या शेवटाला यायची, तोवर शाळेच्या वह्या-पुस्तकांची भुणभुण सुरू झालेली असायची.

काकूंनी आम्हाला त्यातलं सगळं शिकवलं. आधी सरबत चमच्यावर घेऊन चाखायच्या आणि म्हणायच्या, "अजून चमचाभर साखर घाल गं, गारठलं की गोडी मरते." अगदी खरं आहे, आजही करून बघा. पिताना गोड लागणारं सरबत गोठलं की पाणचट लागतं. शिवाय साखर कमी पडली तर कांडी दगडासारखी होते, दात लागत नाही. साखरेचं पाणी पूर्ण घट्ट गोठत नाही, म्हणून ती जरा मऊ राहते. कलिंगडात तर पाणीच पाणी, त्यात साखर आणि लिंबू घातल्याशिवाय नुसता लाल बर्फ होतो. आमरस सगळ्यात उत्तम, कारण गर दाट. आणि कोकम घ्यायचं ते अमृत कोकम, आगळ नाही. आगळात मीठ असतं, ते सोलकढीला. एकाने आगळाची कांडी लावली होती, दोन दिवस गोठलीच नाही नीट, आणि खाल्ल्यावर बिचाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

चमचा लगेच खोचायचा नाही. तास-दोन तासांनी वरती पापुद्रा धरला की मग उभा करायचा, तरच सरळ राहतो. काढताना फुलपात्र नळाखाली धरायचं, बाहेरून पाणी सोडायचं, दोन्ही तळव्यांमध्ये फिरवायचं. मग 'सुळुक' करून सगळं चमच्यासकट वर येतं. तो आवाज मला आत्ता लिहिताना ऐकू येतोय.

हे सगळं आज त्या पोरींनी आपसूक केलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "काडी सरळ कशी राहिली गं?" तर सहावीतली म्हणते, "आधी वाकडी झाली, मग आम्ही थांबलो." थांबलो! आजकालची मुलं दोन मिनिटं थांबत नाहीत म्हणून ग्रुपवर रोज उठून रडणारे आपण, आणि थांबणाऱ्या मुली समोर आल्या तर त्यांना हाकलतो?

कायद्याचं म्हणाल तर हो, अन्न विकायचं तर नोंदणी लागते, मलाही कळतं. पाण्याचा प्रश्न असतो, तेही कबूल. बाहेरच्या गोळ्याचं तर मी स्वतः मुलाला नाहीच म्हणायचे. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ पासून आपल्या राज्यात त्याला निळा रंग घालायचा नियम करावा लागला, म्हणजे काय काय पोटात जात होतं बघा. पण या मुली घरच्या फिल्टरचं पाणी वापरत होत्या हो! ज्यांच्या घरात आपण श्रावणात हळदीकुंकवाला जाऊन मसाला दूध पितो, त्याच घरातलं.

आणि आपण मुलांना काय देतो? त्याच गेटमधून दिवसाला पन्नास डिलिव्हरीवाले येतात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट' छापलेलं असतं, ते कधी वाचलंय? म्हणजे ते आईस्क्रीम नाही, दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पती तेल घातलेलं आहे. ते चालतं. त्यावर एकही अंगठा उलटा येत नाही. आंब्याच्या कांडीत आंबा किती आणि वास किती, कुणी विचारत नाही. कोकम, साखर, पाणी आणि चिमूटभर जिरेपूड, तीन-चार वस्तू, त्याही डोळ्यांसमोर केलेल्या, त्याचा मात्र केवढा धसका!

जरा थांबते. चिडून लिहिलं की काकू आठवतात, त्या चिडायच्या नाहीत.

एका रात्रीची गोष्ट सांगायचीच आहे, खरं तर तीच सांगायला बसले होते. त्या मेमध्येच आमच्याकडे हापूसची शेवटची पेटी संपत आली होती. आईने एका आंब्याचा रस माझ्यासाठी बाजूला काढला. अख्ख्या एका आंब्याचा, फक्त माझा. थोडं दूध घातलं, फुलपात्रात ओतलं, लाल दोरा बांधला आणि मी ते काकूंकडे नेऊन दिलं. माझी पाळी दुसऱ्या दिवशीची होती, पण काकूंनी स्वतःची बर्फाची ट्रे बाहेर काढून माझं आत सरकवलं. ती ॲल्युमिनियमची ट्रे, ओलं बोट लागलं की चिकटायची. मी रात्री अंथरुणावर पडून सकाळची वाट बघत होते.

दहाच्या सुमाराला लाइट गेली. नेहमी यायची अर्ध्या-पाऊण तासात, त्या दिवशी आलीच नाही. आणि अकरा वाजता गॅलरीत मेणबत्ती हलताना दिसली. काकू. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात ताट, ताटात सहा फुलपात्रं. एकेका दाराशी उभ्या राहून हाक मारत होत्या, "उठवा गं पोरांना, वितळतंय!"

झोपेतून उठून आम्ही सगळे गॅलरीत कठड्याला टेकून बसलो. सहा फुलपात्रं आणि चौदा पोरं. काकूंनी फुलपात्रावरचे दोरे बघितले आणि म्हणाल्या, "आज कुणाचं कुणाचं नाही." माझा आमरस कडेने पातळ आणि मध्ये बर्फाचा गोळा. तो चौघांनी खाल्ला. मला आधी रडू आलं, मग नाही आलं. कोकम, पन्हं, आमरस, सगळ्यांचे चमचे सगळ्यांत. खाली रस्त्यावर काळोख, आणि वाऱ्यावर कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरचा आवाज.

सगळं काही गोड होतं असं नाही. त्याच फ्रीजमध्ये बांगड्याचं कालवण असायचं आणि एकदा माझ्या पन्ह्याला त्याचा वास लागला होता. पाळीवरून मारामाऱ्या झाल्या आहेत. आणि आज मोठी झाल्यावर दुसरंच टोचतं. दिवसातून वीस वेळा फ्रीजचं दार उघडायचं, त्याचं बिल काकू भरायच्या. त्यांच्याकडे पाहुणे आले तर त्यांच्याच घरात सरबताला बर्फ नसायचा. कंप्रेसर गेला तेव्हा त्यांनी दुरुस्तीचे पैसे कुणाकडे मागितले नाहीत आणि आमच्यापैकी कुणी दिलेही नाहीत. माझी आई कधी वाटीभर चटणी पाठवायची, तेवढंच. चाळ पाडली तेव्हा त्या मुलाकडे बदलापूरला गेल्या. मी जाईन जाईन म्हणत गेले नाही. बदलापूर इथून किती लांब आहे? नाही गेले.

त्यांनी कधी विचारलं नाही की तुमच्या पोराचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण. ज्याची त्याची पोरं होती, तरी सगळी आपलीच होती, एवढंच त्यांना ठाऊक. आज प्रत्येक घरात दोन दारांचा फ्रीज आहे, काहींकडे तर वेगळा डीप फ्रीझरही, आणि त्यात दुसऱ्याच्या पोराचं एक फुलपात्र ठेवायला जागा नाही. उलट ते फुलपात्र घेऊन पोर खाली आलं तर आपण ग्रुपवर नोटीस टाकतो. मला हे सहन होत नाही, स्पष्ट सांगते. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

रात्री साडेआठला मी सातव्या मजल्यावर गेले. धाकटीच्या आईने दार उघडलं. डबा ओट्यावरच होता, उघडला तर सात कांड्या उरलेल्या, निम्म्या पाणी झालेल्या. त्यांच्या फ्रीजरमध्ये जागा नव्हती, मुलीने पुन्हा लावायलाही नको म्हटलं. मी डबा घेऊन दोघींना बोलावलं आणि आम्ही जिन्यात बसून, त्यांच्या आया, मी आणि वॉचमनदादा, चमच्याने खाल्लं ते. कोकम जरा जास्त गोड होतं. म्हणजे बरोबर होतं.

घरी येऊन मी आमच्या फ्रीजरचा वरचा कप्पा रिकामा केलाय. मटार आणि गोठवलेले पराठे काढून टाकले, उद्या डब्याला तेच. बिल्डिंगमधल्या मुलांनो, आणि त्यांच्या आयांनो, हे वाचत असाल तर सांगते: विकायचं नाही ना, नका विकू. रस करा आणि आणून द्या, सकाळी अकराच्या आत. कप्प्यात नऊ पेले बसतात, मोजून बघितलेत. पेल्याला रंगीत दोरा बांधून आणा, नाहीतर कुणाचा कुठला ते कळणार नाही.