सील का बदललं नाही: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार साहेब,

सोसायटीच्या बेसमेंटमधलं पाणी उपसायला तुम्ही आमच्या वागळे इस्टेटच्या दुकानातून पेट्रोलवर चालणारा जुना पाण्याचा पंप नेलात. तुमचं म्हणणं असं, की त्यातून ऑइल गळतं, आमच्या मिस्त्रीने तो नुसता पुसून, पावडर मारून परत दिला आणि कळव्याच्या मेकॅनिकने ‘सील गेलंय’ सांगूनही आम्ही सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं, बदललं नाही. आता पुन्हा गळतोय.

पावडर मारली ती शोधायला. ऑइल जिथे दिसतं तिथूनच गळतं असं नाही. ते वरून ओघळतं, फ्लायव्हीलच्या पंख्याची हवा ते अंगभर पसरवते आणि थेंब पडतो सगळ्यात खालच्या ड्रेन बोल्टवरून. मग जो तो बोल्ट आवळत बसतो. म्हणून इंजिन धुऊन, सुकवून, टाल्कम मारून चालवायचं आणि सगळ्यात वर कुठे ओल धरते ते बघायचं. तुमच्या पंपात दोन्ही सीलांखाली आणि साइड कव्हरच्या पॅकिंगला पावडर कोरडी होती. भिजली ती एअर क्लीनरच्या डब्याखालची. डबा उघडला तर फोम ऑइलने निथळत होता.

तिथे ऑइल येतं ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून. ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता. या १६३ सीसी इंजिनात साधारण ०.६ लिटर ऑइल बसतं, निघालं त्याहून बरंच जास्त. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली, म्हणजे नीडलखाली, कचरा अडकला होता. टाकी वर, पेट्रोलचा कॉक उघडा, मग पेट्रोल झिरपत सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरणारच. असं पातळ, वाढलेलं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरमधून बाहेर पडतं. नीडल साफ केली, ऑइल आणि फोम बदलला. पैसे घेतले नाहीत.

सील बदललं असतं तर आमचाच फायदा होता. पंपाकडच्या सीलसाठी केसिंग आणि इम्पेलर उतरवावा लागतो, मजुरी बरी होते. गळती मात्र तशीच राहिली असती.

आता तुम्ही टाकलेल्या फोटोबद्दल. पंप गाडीच्या डिकीत आडवा आहे, एअर क्लीनर खालच्या अंगाला आणि पेट्रोल कॉक उघडा. आडव्या कार्ब्युरेटरमध्ये नीडल दाबून धरणारा तरंगता फ्लोट काम करत नाही, नीडल कितीही साफ असो. ऑइलही ब्रीदरवाटे थेट फोममध्ये जातं. सुरू करताना पांढरा धूर आला असेल तर तो त्याचाच.

जुन्या इंजिनाला जोडावर धूळ धरण्याइतकी ओल येते, ती आम्ही विकतानाच दाखवतो. थेंब पडणं वेगळं, त्याची तक्रार रास्तच आहे.

दुकानात आणेपर्यंत पंप चालवू नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलवर कनेक्टिंग रॉड जाम होतो. सपाट जागी ठेवून डिपस्टिक पुसा, न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा आणि वास घ्या. मग कॉक बंद करून, पंप उभा ठेवून दुकानात आणा. कळव्याच्या मेकॅनिकलाही सोबत आणलंत तर उत्तम. त्यांच्यासमोर पावडर मारू. ओल सीलखाली निघाली तर सील आमचं, मजुरीही आमची. सोमवारी दुकान बंद असतं.