कार्डाचा ग्रेड म्हणजे सोन्याचा हॉलमार्क नव्हे

गेल्या पंधरवड्यात एक लांबलचक संदेश आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तीन वेगवेगळ्या नातेवाइकांनी टाकला. पहिल्या दोन वेळा मी तो न वाचता पुढे गेलो. तिसऱ्यांदा मात्र सांगलीच्या माझ्या धाकट्या भावाने तो मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, तू तिकडे न्यू जर्सीत हीच कार्डे जमवतोस ना? पोराच्या नावाची एक मुदतठेव मोडून दहा ग्रेडचे एखादे घेऊन ठेवू का?’ ठेव मोडण्यापर्यंत गोष्ट आल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. अमेरिकेत बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंची कार्डे तपासणाऱ्या व्यावसायिक कंपन्या आहेत. त्या कार्डाला १ ते १० यांपैकी एक ग्रेड देतात आणि ते प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, कायमचे बंद करतात. हा ग्रेड सोन्याच्या हॉलमार्कइतका शास्त्रशुद्ध असतो. एकच कार्ड दहा वेळा पाठवले तरी दहाही वेळा तोच ग्रेड येतो. स्लॅबमधल्या कार्डात कापाकापी झालेली असणे अशक्य आहे, कारण आता सगळे यंत्र तपासते. ग्रेडिंगमध्ये सातत्य नाही अशी ओरड ज्यांच्या कार्डांना दहा मिळत नाही तेच करतात. आणि या सगळ्यावरून निष्कर्ष असा की ग्रेड केलेले कार्ड मुदतठेवीपेक्षा सुरक्षित.

यातले सर्वांत धडधडीत खोटे विधान कापाकापीचे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. कार्डाची किंमत त्याच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर फार अवलंबून असते. कडा घासल्या गेल्या असतील तर धारदार पात्याने केसभर पट्टी उडवली की नवी, करकरीत कड आणि टोकदार कोपरे तयार होतात, आणि चार ग्रेडचे कार्ड आठचे दिसू लागते. म्हणूनच कापलेल्या कार्डाला अंकी ग्रेड द्यायचाच नाही, असा या कंपन्यांचा नियम आहे. आता या नियमाचे पहिल्याच दिवशी काय झाले ते पाहा. पीएसए ही या व्यवसायातली सर्वांत मोठी कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने ग्रेड केलेले अगदी पहिले कार्ड, ज्याच्या स्लॅबमधल्या चिठ्ठीवरचा क्रमांकच एक आहे, ते पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे होते. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या टी२०६ या मालिकेतले हे कार्ड आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की याने एका भागीदारासह १९९१ मध्येच लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. पीएसएने त्याला आठ ग्रेड दिला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाला आठ, आणि या व्यवसायाची सारी पत त्या आठावर उभी राहिली. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकले गेले.

ज्याच्या हातून हे कार्ड पूर्वी बाजारात आले होते, तो लिलावदार बिल मास्ट्रो २०१३ मध्ये शिकागोच्या फेडरल न्यायालयात उभा राहिला. त्याच्यावरचा मुख्य गुन्हा खोट्या बोलींनी लिलाव फुगवण्याचा होता, हे मी लपवत नाही. पण गुन्हा कबूल करताना त्याने हेही मान्य केले की वॅग्नरच्या त्या कार्डाच्या बाजूच्या कडा त्याने स्वतः कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे व्यावसायिक ग्रेडिंगच्या इतिहासातले पहिले कार्डच कापलेले होते, आणि तसे ज्याने कापले त्यानेच न्यायालयात सांगितले. संदेश लिहिणाऱ्याला ‘अशक्य’ या शब्दाचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे त्याने कळवावे.

या वॅग्नरच्या उदाहरणातच हॉलमार्कच्या दाव्याचेही उत्तर आहे. बांगडी २२ कॅरटची आहे म्हणजे हजारांत ९१६ भाग सोने आहे. ते प्रमाण मोजता येते, आणि सांगलीच्या केंद्रात मोजले काय किंवा कोल्हापूरच्या, आकडा तोच यायला हवा. न आल्यास कोणाला तरी जाब विचारता येतो. कार्डाचे तसे नाही. चित्र कागदाच्या मधोमध आहे की नाही, ज्याला आम्ही सेंटरिंग म्हणतो, तेवढे पट्टीने मोजता येते. कोपरे, कडा आणि पृष्ठभाग मात्र माणूस भिंगातून पाहतो आणि ठरवतो. पीएसएच्या स्वतःच्या नियमांत दहा ग्रेडच्या कार्डावर छपाईचा एखादा किरकोळ दोष खपवून घेण्याची मुभा आहे, फक्त त्याने कार्डाच्या एकूण देखणेपणाला बाधा येता कामा नये. किरकोळ म्हणजे किती आणि देखणेपण कोणाच्या डोळ्यांना, हे कोठेही मोजून दिलेले नाही. त्याच नियमांच्या पानावर कंपनी मोकळेपणाने सांगते की ग्रेडिंगचा काही भाग वस्तुनिष्ठ आहे आणि काही व्यक्तिनिष्ठ, आणि त्या व्यक्तिनिष्ठ भागात विचारायचा प्रश्न असा की अमुक कार्डाबाबत बाजार काय मान्य करील. कंपनी स्वतः जे मत म्हणून देते ते आपल्याकडचा कोणी अज्ञात शहाणा हॉलमार्क म्हणून वाटत सुटला आहे.

तरीही मत सातत्याने एकसारखे असते तर मी एवढा चिडलो नसतो. ‘दहा वेळा पाठवा, तोच ग्रेड येईल’ या वाक्यावर मला माझ्या स्वयंपाकघरातली एक रात्र आठवते. मी आणि माझा मुलगा मिळून जमवलेल्या कार्डांत बास्केटबॉलपटू लुका डॉन्चिचच्या पदार्पणाच्या हंगामातली २०१८ च्या प्रिझम मालिकेतली दोन कार्डे होती. दोन्ही एकाच वेळी एका कंपनीला पाठवली आणि दोन्हींना आठ मिळाला. आठ का, याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण नव्हते. चिठ्ठीवर फक्त आकडा. टेबलावरचा दिवा जवळ ओढून, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली आम्ही दोघांनी अर्धा तास दोन्ही कार्डे तिरकी करून पाहिली. एकाच्या मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. दुसऱ्यावर काहीच सापडले नाही. मग ते दुसरे कार्ड आम्ही क्रॅक केले, म्हणजे स्लॅब टॉवेलमध्ये गुंडाळून त्याचा कोपरा पकडीने चेपला, टचकन आवाज झाला, आणि कार्ड न घासता बाहेर निघेपर्यंत मुलाने श्वास रोखून धरला होता. नव्या पारदर्शक पिशवीत घालून तेच कार्ड त्याच कंपनीला पुन्हा पाठवले. या वेळी दहा आला. कार्डाचा एक रेणूही बदलला नव्हता; बदलला असेल तो तपासणारा, किंवा त्याचा वार.

‘दहा न मिळालेलेच ओरडतात’ या टोमण्यालाही हेच उत्तर आहे. मला दहा मिळाला, ते कार्ड मी विकले, आणि पहिल्या आठापेक्षा कितीतरी जास्त पैसे हातात आले. फायदा होऊनही मी तक्रार करतो आहे, कारण ज्याने ते दहा समजून घेतले त्याने नेमके काय घेतले, हे मला सांगता येणार नाही. अर्थात या टोमण्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण कार्ड जमवणाऱ्यांना तर फारच लागू पडते. स्वतःच्या कार्डाची कललेली सेंटरिंग आम्हांला दिसत नाही आणि लिलावातल्या परक्या कार्डाची मात्र मिलिमीटरपर्यंत दिसते. पण म्हणून कंपनीचे दोन निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, ही वस्तुस्थिती नाहीशी होत नाही.

या न जुळण्याचा त्रास एवढा का होतो, तर आकड्यांमधली दरी. पीएसए अर्धे ग्रेड देते, पण ते साडेआठपर्यंतच. नऊनंतर थेट दहा. बेकेट ही दुसरी कंपनी निदान सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे चार वेगळे आकडे छापते आणि साडेनऊही देते, त्यामुळे गुण कोठे गेले ते कळते. पीएसएच्या एका आकड्यात ते कळत नाही, आणि बाजाराची सारी लालसा त्या शेवटच्या पायरीवर एकवटलेली असते. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे, फ्लीअर कंपनीने काढलेले १९८६ चे कार्ड घ्या. पीएसएने त्याच्या हजारो प्रती तपासल्या आहेत आणि दहा मिळालेल्या प्रती तीनशेच्या आसपास आहेत. जानेवारी २०२१ मध्ये त्यांतली एक ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली, तर नऊवाल्याला त्याचा छोटासा अंशच मिळतो. डोळ्याला न दिसणाऱ्या फरकावर एवढे पैसे टांगलेले असतील, तर लोक स्लॅब फोडून पुन्हा पुन्हा पाठवणारच. जुनी चिठ्ठी कंपनीला परत केली नाही तर एकच कार्ड कंपनीच्या मोजणीत दोनदा धरले जाते, त्यामुळे ‘या ग्रेडची इतकीच कार्डे आहेत’ हा आकडाही डळमळीत होतो.

शुल्काची पद्धतही याच गाठीला आणखी पीळ देते. शुल्क कार्डाच्या किमतीनुसार ठरते आणि ग्रेड चांगला आल्यामुळे किंमत त्या टप्प्याच्या मर्यादेबाहेर गेली तर वाढीव शुल्क लागते. कोणी जाणूनबुजून वरचा ग्रेड देतो असा आरोप मी करत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. परंतु ज्याचे शुल्क त्याच्याच निकालावर वाढते, त्याला तराजू म्हणायला मी तयार नाही.

यंत्राबद्दल थोडेसे. पीएसएच्या मालकांनी २०२१ मध्ये जेनामिंट ही प्रतिमा तपासणाऱ्या तंत्राची कंपनी विकत घेतली. पूर्वी येऊन गेलेले कार्ड ओळखणे आणि फेरफार पकडणे यासाठी असे तंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. जॉर्डनच्या त्या कार्डाच्या बनावट प्रती तर इतक्या आहेत की नवख्याने स्लॅबशिवाय ते घेऊच नये. अस्सल की नक्कल, एवढ्या प्रश्नापुरता मी स्वतः या कंपन्यांवर विसंबतो. पण अस्सलपणा ठरवणे वेगळे आणि आठ, नऊ, दहा ठरवणे वेगळे, आणि संदेशाने या दोहोंची खिचडी केली आहे. शिवाय ज्या वर्षी हे तंत्र घेतले, त्याच वर्षी मार्चमध्ये पीएसएला आपल्या बहुतेक स्वस्त सेवा बंद ठेवाव्या लागल्या, कारण त्याआधीच्या तीन महिन्यांत जेवढी कार्डे आली नव्हती तेवढी तीन दिवसांत येऊन पडल्याचे कंपनीनेच जाहीर केले होते. एवढ्या ढिगाऱ्यापुढे बसलेल्या माणसाच्या नजरेकडून हॉलमार्कची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

राहिला मुदतठेवीचा मुद्दा. जॉर्डनचे जे कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजारांना गेले, तशाच दहा ग्रेडच्या प्रती पुढच्या वर्षी निम्म्याहून कमी भावाने विकल्या गेल्या. ग्रेड दहाचा दहाच राहिला होता. माझ्या माहितीतल्या कोणत्याही सहकारी पतपेढीने ठेवीदाराचे इतके हाल वर्षभरात केले नसतील, आणि पतपेढ्यांबद्दल सांगलीकरांना वेगळे काही सांगायची गरज नाही.

भावाला मी तेवढेच लिहिले की ठेव मोडू नकोस, आणि पोराला कार्डांचा नाद लागला असेल तर डिसेंबरात येताना मी डॉन्चिचचे ते न फोडलेले कार्ड घेऊन येतो, आठ मिळालेले, अजून स्लॅबमध्येच आहे. भिंगही आणतो. मागच्या बाजूचा तो ठिपका त्याने शोधावा आणि मला सांगावे की तो किती गुणांचा आहे.