‘जुनी ट्यूब घाला, अ‍ॅम्प बदलेल’ : या मजकुरातलं एकेक वाक्य तपासताना

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. चौथा भांडुपचा, माझ्या मित्राचा पुतण्या. त्याने मजकुराखाली लिहिलं होतं, “काका, असंच केलं, पण अ‍ॅम्पचा आवाजच गेला.” पहिल्या नोकरीतून साठवलेल्या पैशांचा, जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे ट्यूबवर, चालणारा हेडफोन अ‍ॅम्प. मी वीस वर्षं मुलुंडच्या घरात ट्यूब अ‍ॅम्प जोडतोय, दुरुस्त करतोय, आणि अशी उपकरणं हल्ली महिन्याला एखाददुसरं येतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मजकूर थोडक्यात असा: हेडफोन अ‍ॅम्पचा आवाज म्हणजे ट्यूबचा आवाज. सोबत आलेली ट्यूब फेकून द्या. नऊ पिनांची कुठलीही ट्यूब बसते. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, जितका जास्त तितकी ट्यूब चांगली, म्हणून १२एएक्स७ घ्या. जुनी युरोपातली किंवा लष्करी मिळाली तर सोनं; नव्यांत दम नाही आणि भारतीय ट्यूब भंगाराच्या लायकीच्या. दोनशे तास वाजवल्याशिवाय मत देऊ नका. अ‍ॅम्प चालू ठेवूनच बदला, फरक लगेच कळतो.

नऊ पिनांपासून सुरुवात करतो, कारण त्या मुलाचं नुकसान तिथे झालं. १२एयू७ (युरोपातलं नाव ईसीसी८२) आणि ६डीजे८ (ईसीसी८८) यांचा तळ अगदी सारखा. सॉकेटमध्ये दोन्ही अलगद बसतात. पण आतला हीटर, म्हणजे कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) तापवणारी तार, निराळ्या तऱ्हेने बाहेर काढलेला असतो. १२एयू७ मध्ये चौथ्या आणि पाचव्या पिनेदरम्यान १२.६ व्होल्ट लागतात. तारेचं मधलं टोक नवव्या पिनेवर असतं, त्यामुळे चार-पाच एकत्र बांधून नऊच्या जोडीने ६.३ व्होल्टवरही ती चालते. ईसीसी८८ चा हीटर फक्त चार-पाचमध्ये आणि फक्त ६.३ व्होल्टचा. तिची नववी पिन आतल्या पत्र्याच्या शिल्डची.

आता त्या मुलाच्या अ‍ॅम्पकडे बघा. सॉकेटवर चार-पाचमध्ये १२.६ व्होल्ट येत होते. त्यात ईसीसी८८ बसवल्यावर हीटरला दुप्पट व्होल्टेज मिळालं, ट्यूब क्षणभर लख्ख उजळली आणि तार तुटली. सॉकेट ६.३ च्या पद्धतीने जोडलेलं असतं, तर चार आणि पाच एकमेकींना बांधलेल्या असल्याने हीटरला काहीच मिळालं नसतं, ट्यूब थंड राहिली असती. शिवाय अ‍ॅनोडची (म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या पत्र्याची) मर्यादा आहेच: १२एयू७ ला ३०० व्होल्ट चालतात, ईसीसी८८ ला १३०. अ‍ॅम्प शाबूत होता. सोबत आलेली ट्यूब परत लावली असती तर पाच मिनिटांत वाजला असता, पण ती त्याने मजकूर वाचून खरंच कचऱ्यात टाकली होती. माझ्या डब्यातली एक दिली, आवाज आला.

पिनांची मांडणी जुळली तरी काम संपत नाही. ईसीसी८८ च्या जागी रशियन ६एन१पी सर्रास खपवली जाते. पिना जुळतात, व्होल्टेज जुळतं, पण ईसीसी८८ चा हीटर ३६५ मिलिअँपिअर घेतो आणि ६एन१पी चा ६००. दोन ट्यूब असतील तर ट्रान्सफॉर्मरवर पाऊण अँपिअरच्या जागी सव्वा अँपिअरच्या आसपास भार. मे महिन्यात आपल्या बंद खोलीत तो ट्रान्सफॉर्मर हात लावून बघा. डेटाशीटची (ट्यूबच्या मोजमापांच्या पत्रकाची) दोन पानं वाचायला दहा मिनिटं लागतात आणि ती फुकट मिळतात.

“१२एएक्स७ घ्या, गेन जास्त.” आकडा खरा आहे: १२एएक्स७ चा विवर्धन गुणांक १००, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा १७ ते २० च्या दरम्यान. पण हेडफोनला एवढ्या गेनचं करायचं काय? साधा डॅक (डिजिटल गाणं विद्युत सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण) २ व्होल्ट देतो. सेनहायझर एचडी ६५० या हेडफोनला १ व्होल्ट दिला की सुमारे १०३ डेसिबल आवाज निघतो, तासभर ऐकला तर कानाला इजा होईल इतका. म्हणजे तुम्हाला गेन जवळपास लागतच नाही. १२एएक्स७ घातलीत की व्हॉल्यूमचं बटण घड्याळात सात-आठ वाजतात त्या दिशेला, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, अडकून राहतं, आणि त्या बटणामागच्या साध्या पोटेन्शिओमीटरचे (बदलत्या रेझिस्टरचे) डावा-उजवा भाग नेमके त्याच टोकाला जुळत नाहीत. बहुतेक अ‍ॅम्पांत व्हॉल्यूम ट्यूबच्या आधी असतो, त्यामुळे ट्यूबची स्वतःची सळसळ तुम्ही बटण कितीही खाली केलंत तरी कमी होत नाही, उलट जास्त गेनने मोठी होते. शिवाय १२एयू७ साठी आखलेल्या जागी १२एएक्स७ चा बायस (ट्यूबमधून ठरवून दिलेला स्थिर प्रवाह) बिघडतो. ती एखाद्या मिलिअँपिअरवर सुखाने चालणारी ट्यूब आहे, १२एयू७ त्याच्या कितीतरी पट प्रवाहावर.

आता मुख्य दाव्याकडे येतो. “अ‍ॅम्पचा आवाज म्हणजे ट्यूबचा आवाज.” मला यात सगळ्यात मोठी खोट ही दिसते की या वाक्यात हेडफोनचा पत्ताच नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायचा, म्हणजे ओटीएल प्रकारचा अ‍ॅम्प घ्या. शेवटी ६०८० किंवा ६एएस७ ट्यूब, आउटपुटचा इंपिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) साधारण १२० ओहम. त्याला ३०० ओहमचा हेडफोन लावला तर व्होल्टेजचा ७१ टक्के भाग हेडफोनला मिळतो. ३२ ओहमचा लावला तर २१ टक्के. उरलेलं अ‍ॅम्पमध्येच जिरतं, विरूपण (डिस्टॉर्शन) वाढतं, बास सैल होतो. मग माणूस म्हणतो, ट्यूब चांगली नाही, दुसरी घेऊ. तीन ट्यूब बदलल्या तरी तो ३२ ओहमचा हेडफोन ३२ ओहमचाच राहतो.

आणि ज्याला लोक “ट्यूबचा ऊबदार आवाज” म्हणतात, त्यातला बराच भाग याच हिशेबातून येतो. एचडी ६५० चा इंपिडन्स कागदावर ३०० असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो ५०० च्या घरात जातो. १२० ओहमच्या अ‍ॅम्पवर तिथे ८१ टक्के व्होल्टेज पोचतं, बाकी ठिकाणी ७१. फरक साधारण १ डेसिबलचा. तबल्याचा डग्गा थोडा भरदार लागतो, तंबोऱ्याचा खर्ज जवळ येतो. मला तो आवाज मनापासून आवडतो. पण तो सर्किटचा आणि हेडफोनचा मिळून झालेला आहे; ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या पुढे १२० ओहमचा रेझिस्टर लावला तरी त्यातला हा १ डेसिबल तुम्हाला मिळेल. म्हणून ट्यूबचं नाव विचारण्याआधी मी विचारतो: हेडफोन कुठला, किती ओहमचा, आणि अ‍ॅम्प ओटीएल आहे, ट्रान्सफॉर्मरचा आहे की हायब्रिड?

हायब्रिडचं वेगळं सांगायला हवं, कारण लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बहुतेक तेच असतात. त्यात पुढे एक-दोन ट्यूब, बरेचदा ६जे१, आणि हेडफोन चालवायचं काम आतल्या चिपचं. ट्यूबला अनेकदा वीस-तीस व्होल्टच मिळतात. काचेतून दिसणारा निळा किंवा नारिंगी उजेड बऱ्याच वेळा सॉकेटखालच्या एलईडीचा असतो. ६जे१ चा स्वतःचा हीटर अगदी मंद लाल दिसतो. अशा अ‍ॅम्पमध्ये अ‍ॅम्पच्या दुप्पट किमतीची ट्यूब घालू नका, एवढंच म्हणेन.

मग ट्यूबने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि तो नाकारणारेही चूक करतात. मायक्रोफोनिक ट्यूब काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की हेडफोनमध्ये घंटेसारखी वाजते. एका ट्यूबमधले दोन ट्रायोड (दोन स्वतंत्र भाग) असमान असतील आणि एकेक कानाला एकेक असेल, तर गायक मध्यातून सरकतो. जुनी, दमलेली ट्यूब विरूपण वाढवते. हे सगळं ऐकू येतं, मोजता येतं. ट्यूब घेताना पैसे द्यायचे ते याच गोष्टींसाठी: कमी सळसळीची, टिचकीला न वाजणारी, दोन्ही बाजू जुळलेली.

विक्रेते “नव्यासारखी टेस्ट झालेली” लिहितात, तेव्हा कुठल्या अ‍ॅनोड व्होल्टेजला किती मिलिअँपिअर, हे विचारा. नुसता ‘९५ टक्के’ हा आकडा कशाचाच पुरावा नाही.

जुन्या युरोपीय ट्यूबांबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही विकत घेता ती त्यावर छापलेल्या नावाचीच असेल, हे गृहीत धरू नका. त्या काळातही कारखाने एकमेकांच्या ट्यूब घेऊन स्वतःचं नाव छापत. जर्मनीच्या टेलिफुंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या बहुतेक नऊ पिनी ट्यूबांच्या तळाला, पिनांच्या मधोमध, काचेतच चौकटीसारखी खूण उठवलेली असते. इंग्लंडच्या मुलार्डच्या ब्लॅकबर्न कारखान्यातल्या ट्यूबवर काचेच्या खालच्या भागात बी अक्षराने सुरू होणारा बारीक कोड असतो. छपाई अंगठ्याने पुसली गेली म्हणून ट्यूब खोटी ठरत नाही, खऱ्यांचीही पुसते; म्हणूनच छपाईवर विश्वास ठेवायचा नाही. आणि आज नव्या डब्यात मुलार्ड किंवा टंग-सोल नावाने जी ट्यूब येते, ती रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यातली. ती ट्यूब वाईट नाही, पण तिच्या नावाचे जुन्या मुलार्डइतके पैसे मोजू नका.

काचेच्या आत वर किंवा बाजूला जो चंदेरी डाग दिसतो, तो गेटर, म्हणजे आतली उरलीसुरली हवा शोषणारा थर. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ट्यूब मेली. गेटरची कडी गोल की चौकोनी यावर मोठे वाद चालतात, पण त्यावरून फार तर काळ आणि कारखाना कळतो.

‘लष्करी’ शिक्क्याचं लवकर आटोपतं. जेएएन म्हणजे जॉइंट आर्मी-नेव्ही. हादरे, टिकाऊपणा, ठरावीक मर्यादेतली मोजमापं यांची ती कसोटी, संगीताची नव्हे. मुळात या ट्यूबांपैकी किती संगीतासाठी जन्मल्या? ईसीसी८८ टीव्हीच्या ट्यूनरसाठी आखली गेली, ६एएस७ पॉवर सप्लायचं व्होल्टेज स्थिर ठेवायला. दोन्ही हेडफोन अ‍ॅम्पमध्ये सुंदर चालतात, कारण कुणीतरी त्यांच्याभोवती नीट सर्किट आखलं.

“भारतीय ट्यूब भंगाराच्या लायकीच्या” हे वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने (बीईएल) १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आपल्या आईवडिलांनी त्यांवर आकाशवाणी ऐकली. गणपतीच्या मंडपातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या बीईएलच्या ईसीसी८३ (म्हणजेच १२एएक्स७) माझ्याकडे आहेत. मोजल्या, दोन्ही बाजू जुळल्या, टिचकीला वाजल्या नाहीत. चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या रेडिओंच्या ढिगात अजून सापडतात, मात्र रेडिओंमध्ये ईसीएच८१, ईएल८४ असे व्हॉल्व्ह जास्त; ते हेडफोन अ‍ॅम्पच्या कामाचे क्वचितच.

मुंबईचं म्हणून एक सांगतो. पावसाळ्यात अ‍ॅम्प खरखरायला लागला की लोक नवी ट्यूब मागवतात. आधी अ‍ॅम्प बंद करून, थंड झाल्यावर ट्यूब काढा, पिना आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. दमट हवेत पिनांवर थर बसतो आणि निम्म्याहून जास्त वेळा माझ्याकडे दोष तोच निघालाय. गुणगुण येत असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा, लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळ्या ट्यूब असतील तर त्यांची अदलाबदल करा. आवाज ट्यूबबरोबर सरकला तरच दोष ट्यूबचा.

दोनशे तासांचं म्हणाल तर, नव्या ट्यूबला सुरुवातीचे काही तास स्थिरावायला लागतात आणि रोज दहा-पंधरा मिनिटं तापायला. दोनशे तासांत मुख्यतः आपले कान सरावतात, आणि विक्रेत्याची परत घेण्याची मुदत संपते.

तुलना करायचीच असेल तर आधी आवाज समान करा. हेडफोन लावलेला ठेवून २०० हर्ट्झचा सूर वाजवा, आउटपुटचं एसी व्होल्टेज मल्टिमीटरवर बघा, दुसऱ्या ट्यूबला दोन टक्क्यांच्या आत तेवढंच आणा. जरासा मोठा आवाज नेहमीच ‘जास्त खुला’ वाटतो, आणि दोन ट्यूबांचा गेन क्वचितच तंतोतंत सारखा असतो. ट्यूब कुठली लागलीय हे घरातल्या कुणाला तरी लपवून ठेवू द्या.

राहिलं शेवटचं वाक्य, ‘चालू ठेवूनच बदला’. हे कुणीही, कधीही करू नये. खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पच्या आत १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं, काच हात भाजेल इतकी तापलेली असते, आणि ओटीएलमध्ये ट्यूब मध्येच उपसली की आउटपुटच्या कपॅसिटरमधून धक्का थेट हेडफोनच्या कॉइलला बसू शकतो. आधी हेडफोनची पिन काढा. मग स्विच बंद, प्लग भिंतीतून बाहेर, ट्यूब गार होईपर्यंत अर्धा तास. तळाची पट्टी उघडायची वेळ आलीच तर एक हात खिशात ठेवून मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावा, आणि आकडा १० व्होल्टच्या खाली येईपर्यंत आत बोट घालू नका.