‘टुरिस्ट करून घरी बसवलं’ : या अभिप्रायाला आमच्या ऑफिसचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. एक तारा देऊन तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आहेत. अमेरिकेतली एच-१बीवरची (कंपनीने अर्ज करून मिळणाऱ्या कामाच्या व्हिसावरची) नोकरी गेली म्हणून आमच्या एडिसनच्या, न्यू जर्सीतल्या इमिग्रेशन वकिलीच्या ऑफिसात फोन केला, तर धीराचा एक शब्द नाही, थेट ‘शेवटचा पगार कुठल्या तारखेपर्यंतचा?’ असं विचारलं. तीन महिन्यांचा सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) हातात असताना, अमेरिकेत राहायचे ‘दिवस कमी उरलेत’ म्हणून घाबरवलं. कन्सल्टन्सीचं (दुसऱ्या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीचं) ऑफर लेटर आणलं, तरी त्यावर एच-१बी ट्रान्सफर करायला, म्हणजे नव्या कंपनीकडे न्यायला, नकार दिला आणि ‘टुरिस्ट करून घरी बसवलं’. आणि वडिलांचं ऑपरेशन असतानाही ‘पुण्याला जाऊ नका’ असं सांगितलं. वर केस नाकारूनही सल्ल्याची फी परत केली नाही.

उत्तर देण्याआधी एक खुलासा. वकिलाला अशिलाची माहिती चारचौघांत उघड करता येत नाही. अशिलाने स्वतः जाहीर लिहिलं, तरी ते बंधन सुटत नाही. म्हणून तुम्ही आमच्याकडे आला होतात की नाही, तुमच्या फायलीत काय होतं, याबद्दल मी इथे अवाक्षरही काढणार नाही. तुम्ही लिहिलीत तशा परिस्थितीत कुणीही आलं तर हे ऑफिस काय करतं आणि का करतं, तेवढंच सांगतो. हे वाचणाऱ्यांत आज-उद्या हीच वेळ येणारे कुणी असतील, त्यांच्यासाठीही लिहितो आहे.

पहिला प्रश्न तारखेचा असतो, हे खरं आहे. तो तसाच राहील. नोकरीवरून काढल्याचं पत्र एकदा नीट वाचून पाहा. त्यात बहुतेक वेळा तीन तारखा असतात. एक, कामाचा शेवटचा दिवस, म्हणजे लॅपटॉप आणि बॅज परत करायचा तो. दुसरी, नोटिशीचा काळ संपतो ती. तोवर काम नसतं, पण नाव पगारपत्रकावर असतं. आणि तिसरी, सेव्हरन्सची रक्कम खात्यात पडते ती. लोक तिसरी तारीख धरून बसतात. न्यू जर्सीत तर १० एप्रिल २०२३ पासून मोठ्या कपातीत ९० दिवसांची नोटीस आणि वर सेव्हरन्स असं दोन्ही मिळतं, त्यामुळे हा घोळ इथे जास्तच होतो. इमिग्रेशन खातं साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो शेवटचा दिवस धरतं आणि दुसऱ्या दिवसापासून देशात राहण्याचे उरलेले दिवस मोजायला लागतं. सेव्हरन्स हा त्या हिशेबातला पगार नव्हे. तो तीन महिन्यांचा असो की सहा, त्याने एकही दिवस वाढत नाही. नोटिशीच्या काळात काम नसताना मिळालेल्या पगाराबद्दलसुद्धा वाद होऊ शकतो, म्हणून आम्ही शक्य तिथे कामाच्या शेवटच्या दिवसापासूनच मोजतो. पुढे अधिकाऱ्याशी भांडत बसण्यापेक्षा दोन आठवडे आधी अर्ज गेलेला बरा.

नोकरी गेल्यावर सवलतीचे (ग्रेसचे) मिळतात ते जास्तीत जास्त ६० दिवस, आणि तेही आय-९४ वरची (देशात किती काळ राहता येईल, त्या प्रवेशाच्या नोंदीवरची) मुदत त्याआधी संपत नसेल तर. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पवर पुढची दोन वर्षं दिसत असली, तरी तो स्टॅम्प देशात शिरण्यापुरता. राहण्याचा हक्क आय-९४ आणि नोकरीवर टिकतो. हे ६० दिवससुद्धा १७ जानेवारी २०१७ ला नियम लागू झाला तेव्हापासूनचे. त्याआधी नोकरी गेली की दुसऱ्याच दिवशी स्टेटस (देशात राहण्याचा कायदेशीर आधार) गेलेलं असायचं. आणि आजही ही सवलत अधिकाऱ्याच्या अखत्यारीतली आहे, हक्काची नाही.

आता त्या ६० दिवसांत नव्या कंपनीला काय काय करावं लागतं ते बघा. पिटिशन (कंपनीचा इमिग्रेशन खात्याकडचा अर्ज) पाठवण्याआधी श्रम खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलचा कंपनीचा अर्ज) मंजूर व्हावा लागतो, त्यालाच कामकाजाचे सात दिवस जातात. कंपनी लहान किंवा नवी असेल तर तिचा कर क्रमांक पडताळण्यात आणखी काही दिवस. त्याआधी मुलाखतीच्या फेऱ्या, ऑफर, एचआरची कागदपत्रं. पन्नासाव्या दिवशी ऑफर आली तर आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. फोनवर आधी विचारपूस करत बसलो, तर माणसाला बरं वाटेल हे मला कळतं. पण समोरच्याचा बेचाळिसावा दिवस आहे की दहावा, हे कळल्याशिवाय त्याला कुठल्या शब्दांत धीर द्यायचा, हेही कळत नाही.

कन्सल्टन्सीच्या ऑफरबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं.

सगळ्या कन्सल्टन्सी वाईट, असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्याकडे खरा क्लायंट, खरं काम आणि खरा पगार आहे, अशांच्या केसेस आम्ही करतो. पण काही ऑफर लेटर्स अशी येतात की त्यावर क्लायंटचं नाव नसतं, कामाचं ठिकाण कुणाच्या तरी घराचा पत्ता असतो, आणि सोबत तोंडी निरोप असतो : फायलिंगची फी तुम्ही द्या, प्रोजेक्ट मिळेपर्यंत पगारही तुमच्याच पैशातून फिरवू, पे-स्टब (पगाराच्या पावत्या) आम्ही काढून देतो. यात तीन ठिकाणी कायदा मोडतो. पिटिशनसोबतचं प्रशिक्षण शुल्क कामगाराकडून वसूल करता येत नाही. कामगार बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून, असला तरी त्याला ठरलेला पगार द्यावाच लागतो. आणि जी नोकरी अस्तित्वातच नाही ती आहे असं सरकारला लिहून देणं ही फसवणूक आहे. ‘मित्राचं दुसरीकडे दोन दिवसांत झालं’ असं तुम्ही लिहिलंत. झालं असेल. अर्जाची पावती मिळते, पुष्कळदा मंजुरीसुद्धा मिळते. त्रास त्या दोन दिवसांत दिसतच नाही. पुढे एक्स्टेन्शनच्या वेळी, दूतावासातल्या खिडकीपाशी, नाहीतर ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यावर जुने पे-स्टब, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) आणि बँकेची स्टेटमेंट्स मागितली जातात, तेव्हा तो बाहेर येतो. तोवर मुलं शाळेत गेलेली असतात, घराचा हप्ता चालू असतो.

नोकरीच्या वाटेने ग्रीन कार्ड घेणाऱ्याला शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचा एकूण १८० दिवसांपर्यंतचा स्टेटसमधला खंड कायदाच माफ करतो. खोट्या माहितीसाठी अशी माफी नाही. तिथे कायमची बंदी लागते आणि त्यातून सूट मिळवण्याचे रस्ते फार थोडे आहेत. काही महिने घरी बसलेल्या माणसाला मी परत उभं करू शकतो. खोट्या पे-स्टबवर सही केलेल्या माणसासाठी बहुतेक वेळा माझ्याकडे काहीच नसतं. म्हणून आम्ही अशा केसेस घेत नाही, आणि त्यासाठी कितीही एक-तारे आले तरी घेणार नाही.

बी-२ बद्दल, म्हणजे पर्यटकाचं स्टेटस मागणाऱ्या अर्जाबद्दल, तुमचा राग मला समजतो. कमावत्या माणसाला ‘पर्यटक’ म्हणून अर्ज करायला सांगणं त्याच्या मनाला लागतं. पण त्या अर्जाने देशात राहण्याला आधार मिळतो. तो प्रलंबित असताना नोकरी शोधता येते, मुलाखती देता येतात. हे इमिग्रेशन खात्याने २०२३ मध्ये स्वतःच स्पष्ट केलं आहे. काम मात्र करता येत नाही. आणि मर्यादा बारीक आहेत, त्या आम्ही पहिल्याच भेटीत लेखी देतो : ६० दिवसांनंतर नोकरी मिळाली तर नुसत्या पावतीवर रुजू होता येत नाही, मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि मध्येच बी-२ नामंजूर झाला तर पुढचा अर्ज अडकतो. जोडीदाराचा स्वतःचा एच-१बी असेल तर एच-४ (एच-१बीवरच्या माणसाच्या जोडीदाराचं स्टेटस) हा याहून भक्कम रस्ता असतो, आणि तो असला तर आम्ही बी-२ चं नावही काढत नाही. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेली पिटिशन) मंजूर असेल तर आणखीही एक दार उघडतं, विशेष अडचणीच्या कारणासाठी मिळणाऱ्या वर्षभराच्या ईएडीचं (कामाच्या परवान्याचं), पण तो अर्जसुद्धा ६० दिवसांच्या आतच द्यावा लागतो.

आता पुण्याचं. आई-वडिलांच्या आजारपणाला जाऊ नका, असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि आमच्याकडे तसं कुणी सांगत नाही. गेल्यावर काय होईल, ते सांगतो. स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला की तो अर्ज सोडून दिला असं धरतात. उरलेले ग्रेसचे दिवसही तिथेच संपतात. २१ सप्टेंबर २०२५ पासून तर जास्तच विचार करावा लागतो. देशाबाहेर असलेल्या आणि पासपोर्टवर वैध एच-१बी स्टॅम्प नसलेल्या माणसासाठी नवी पिटिशन करणाऱ्या कंपनीवर त्या तारखेपासून एक लाख डॉलरचा भार टाकला गेला. राष्ट्राध्यक्षांची ही घोषणा मुळात बारा महिन्यांसाठी होती, पण ज्याचा स्टॅम्प संपला आहे त्याला विमानाचं तिकीट काढण्याआधी हे कळायलाच हवं. ज्याचा स्टॅम्प शाबूत आहे, त्याचं गणित वेगळं.

हेही कळायला हवं की परत गेल्याने सगळं बुडत नाही. एच-१बीच्या सहा वर्षांपैकी उरलेला काळ पुन्हा व्हिसाच्या लॉटरीत न पडता वापरता येतो. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख) तुमचीच राहते. आणि मुदतीआधी कंपनीने काढलं असेल, तर तुमच्या एकट्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिने द्यायचा असतो. स्वतः राजीनामा दिला असेल तर नाही. हा खर्च मागणारे फार कमी लोक मी पाहिले आहेत. मागा. एचआरला एक ईमेल पुरतो.

राहिला फीचा मुद्दा. सल्ल्याची फी आम्ही भेटीआधी लेखी कळवतो आणि ‘ही केस आम्ही करणार नाही’ हासुद्धा सल्लाच आहे, त्यामुळे नकार दिला म्हणून ती परत करत नाही. तरीही फी अवाजवी वाटत असेल, तर न्यू जर्सीत जिल्हावार फी लवाद समित्या आहेत. अशिलाने तिथे अर्ज केला तर वकिलाला अंग काढून घेता येत नाही. फायलीची प्रत हवी असेल तर ऑफिसात लेखी मागणी करा, ती देण्यात येईल. आणि वडिलांच्या तब्येतीला लवकर आराम पडो.